आपल्या भीमेकाठचे तट्टू

स्मरणिकेच्या मंडळींनी ‘तुझ्या घोड्यांविषयी लिही’ म्हणून फोन केला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे माझे घोडे आले नाहीत. शाळेच्या कुंपणाबाहेरचा कडुनिंब आला आणि त्याला बांधलेली एक बुटकी, धुळीने माखलेली कुमैत घोडी आली. 1979च्या दहावीच्या तुकडीतल्यांना ती आठवत असेल. आपल्या वर्गातला धनगराचा मुलगा पावसाळ्यात तिच्यावर बसून शाळेत यायचा. दसरा झाला की तो आणि घोडी दोन्ही दिसेनासे व्हायचे आणि मृगाच्या आगेमागे परत उगवायचे. हजेरीपटात त्याच्या नावापुढे चार-चार महिने ‘गैरहजर’ असे. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण ‘माझं नाव छापायचं न्हाई’ या अटीवर त्याने मला हे सगळे लिहू दिले आहे. तुम्ही ओळखालच.

मधल्या सुट्टीत दोन पेरूंच्या बदल्यात तो मला त्या घोडीवर बसू द्यायचा. खोगीर नाही, रिकीब नाही, घोंगडीची घडी आणि काथ्याचा लगाम. माझे घोड्याचे वेड तेथून सुरू झाले. पुढे बँकेची नोकरी लागली. बदल्यांच्या गावी जिथे टांगा असेल तिथे मी बसस्थानकावरून टांग्यानेच घरी जाई आणि टांगेवाल्याशी घोड्याच्या भोवऱ्यांवर, खुरांवर बोलत बसे. घरचे कंटाळले, पण वेड गेले नाही.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपण ‘जय जय महाराष्ट्र माझा’ म्हटले होते. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. 2023 पासून ते आपले राज्यगीत आहे. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. तालमीच्या वेळी कुणीतरी इतिहासाच्या बाईंना विचारले, ‘बाई, तट्टू म्हणजे काय?’ बाई म्हणाल्या, ‘लहान चणीचा घोडा.’ एवढ्यावर विषय संपला. त्या वेळी ते तट्टू कुंपणापलीकडे कडुनिंबाखाली शेपटीने माशा वारत उभे होते, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नाही. बाईंच्याही नाही, आणि घोडी ज्याची होती त्याच्याही नाही. मला ते कळायला पुढची पस्तीस वर्षे लागली.

थडी म्हणजे नदीचा काठ. गोदेचा काठ तो गंगथडी, तसा भीमेचा काठ तो भीमथडी. आज पुण्यात भीमथडी म्हटले की पिठले-भाकरीच्या जत्रेची आठवण होते, पण इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात या नावाचा तालुका होता. आजचे बारामती आणि दौंड त्यात मोडत. भीमा, नीरा आणि माणगंगा यांच्या काठचा हा मुलूख पावसाच्या छायेतला. पाऊस बेताचा, जमीन कुठे काळी तर कुठे नुसता मुरूम, उन्हाळ्यात हरळीही वाळून जाते. अशा ठिकाणी जनावर उंच होत नाही, पण चिवट होते. येथल्या घोड्याची उंची साधारण 50-52 इंच. छाती भरीव, पाय आखूड, खूर काळे आणि दगडासारखे कठीण.

हा घोडा अगदी इथल्याच मातीत उगवला असे मात्र नाही. बहमनी काळापासून दख्खनला घोड्यांची मोठी भूक होती आणि ती समुद्रमार्गे भागवली जाई. होर्मुझहून जहाजे भरून अरबी आणि इराणी घोडे चौल, दाभोळ आणि गोव्याच्या बंदरांत उतरत. फर्नाव नुनीझ हा पोर्तुगीज घोड्यांचा व्यापारी लिहितो की विजयनगरचा कृष्णदेवराय वर्षाला 13,000 घोडे विकत घेई. त्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने दक्षिणेत एक गोष्ट टिपून ठेवली होती. समुद्रावरून आलेले हे महागडे घोडे इथे भराभर मरतात, कारण त्यांची निगा कशी राखावी आणि त्यांना काय खाऊ घालावे हे इथल्या लोकांना ठाऊक नाही. म्हणजे पैसा असला तरी घोडा टिकत नव्हता. टिकला तो घाटावर पोचून इथल्या बुटक्या घोड्यांत मिसळलेला वाण. उन्हाळे आणि दुष्काळ पचवत शे-दोनशे वर्षांत त्याचे जे उरले, त्याला आपण दख्खनी किंवा भीमथडी म्हणतो.

मराठ्यांच्या घोडदळाचा कणा हा घोडा होता. सरदारांकडे अरबी घोडे असत हे खरे, आणि आपल्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांतही घोडा उंच, मान कमानदार असाच असतो. पण हजारोंच्या संख्येने धावणारे दळ महागड्या घोड्यांवर उभे राहत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींच्या फौजेची रचना सांगितली आहे, ती घोड्याच्या अंगाने वाचून पाहा. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. नाल आणि पाणी या दोन गोष्टींचा हिशेब रचनेच्या पहिल्याच पायरीला केलेला आहे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटीच जाई. त्यामुळे कोणत्या घोडीला कोणता घोडा दाखवायचा याचा विचार भीमाकाठच्या घराघरांत होत असे. पैदाशीचे शास्त्र कुणी लिहून ठेवले नव्हते, पण त्यात चुकणे परवडणारे नव्हते.

सभासदानेच फौजेचे वर्षही सांगितले आहे. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला यायचे. घोड्यांसाठी दाणा, वैरण आणि औषधे आधीच साठवलेली असत, पागा शाकारून ठेवलेल्या असत. दसरा झाला की कूच करायचे आणि आठ महिने परमुलखात काढायचे. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. दसऱ्याला निघणे, मृगाला परतणे. आपल्या वर्गमित्राचा हजेरीपट नेमका हाच होता.

अटकेपर्यंतची दौड, पानिपतावर 1760च्या अखेरीस वैरणीवाचून झुरलेली जनावरे, हे सगळे आपण बाईंकडून शिकलो आहोत. ते पुन्हा सांगत नाही. मला सांगायचे आहे ते 1818 नंतरचे, कारण ते पाठ्यपुस्तकात नव्हते.

पेशवाई संपली आणि शिलेदारांचा मोठा वर्ग एका झटक्यात बेकार झाला. तरवारी घरच्या आढ्याला गेल्या आणि घोडे विकले गेले. शिलेदार हा शब्द इंग्रजांनी उचलला. त्यांच्या ‘सिल्लादार’ रिसाल्यांत स्वार आपला घोडा घेऊनच भरती होई आणि ही पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. 1817 मध्ये उभा राहिलेला, आजचा ‘पूना हॉर्स’, याच परंपरेतला. त्यामुळे काही काळ भीमथडीला गिऱ्हाईक उरले. पण साहेबाला घोडा उंच हवा होता. त्याचा स्वार वजनदार, खोगीर जड, तोफा ओढायच्या त्या वेगळ्याच. मग सुधारणा सुरू झाली. शिरूर तालुक्यातल्या आलेगावात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारचे पैदास केंद्र होते. पुढे अरबी आणि विलायती नर सरकारी खर्चाने जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवले गेले, इथल्या घोड्यांची उंची वाढावी म्हणून.

यात कुणाचा वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. पण गणिताच्या सरांनी शिकवलेले गणित करून पाहा. देशी घोडीला बाहेरचा नर दाखवला की शिंगरात निम्मा देशी अंश. त्या शिंगराची घोडी झाल्यावर पुन्हा बाहेरचा नर, पाव अंश. तिसऱ्या पिढीला आठवा हिस्सा. घोडी अकरा महिने गाभण राहते आणि वर्षाला फार तर एक शिंगरू देते. ते एक शिंगरू संकराचे झाले तर त्या वर्षीचे अस्सल शिंगरू जन्माला आलेच नाही, असा त्याचा अर्थ. जात अशी कुणी न मारता संपते. त्यात 1876-77चा दुष्काळ आला. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांत माणसांनाच खायला नव्हते, तिथे घोड्याला चंदी कोण घालणार? इतके करूनही लष्कराला हवी तशी उंची इथे मिळेना, तेव्हा ऑस्ट्रेलियाहून बोटी भरून ‘वेलर’ घोडे येऊ लागले. मग मोटार आली आणि टांगाही गेला. घोड्यांवरच्या काही पुस्तकांत दख्खनी घोड्याची गणना लुप्त झाल्यातच केलेली मी वाचली आहे.

मीही ते खरे मानले होते. म्हणून निवृत्तीनंतर गावी येऊन शेतात तबेला बांधला तेव्हा मी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून मारवाडी घोडा आणला. 62 इंच उंची, पंचकल्याणी, कानांची टोके एकमेकांना भिडणारी. आमच्या तुकडीतल्या बऱ्याच जणांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतले आहेत. त्याच सुमारास वर्गमित्राची पुन्हा गाठ पडली. त्याचा वाडा आमच्या शेतात मेंढ्या बसवायला आला होता. वाड्यासोबत सहा घोडी होती. पाठीवर वाघर, भांडीकुंडी, बाजले, त्यावर कोंबड्यांची डालगी, एका घोडीवर चालता न येणारी दोन कोकरे आणि त्यांच्यामध्ये त्याची नात. मी पाहत राहिलो. कडुनिंबाखालच्या घोडीचाच तो बांधा. मी त्याला विचारले, ‘ही कुठून आणलीस?’ त्याला प्रश्नच कळला नाही. ‘आणायची कशाला? आज्ज्यापासनं हायेत.’

जी जात पुस्तकात संपली होती, ती माझ्या बांधावर हरळी खात होती. लष्कर गेले, सरकारी पागा गेल्या, पण भीमाकाठचे धनगर दसऱ्याला निघून कोकणात उतरायचे आणि पावसाआधी घाट चढून परत यायचे थांबले नाहीत. त्यांना घाटवाटेवर बिऱ्हाड वाहणारे, मिळेल ते खाणारे, लेकरू पाठीवर बसवले तरी न बुजणारे जनावर लागत होते. उंच घोडा त्यांनी मागितलाच नाही, त्यामुळे सुधारणेच्या लाटेतून त्यांची घोडी वाचली.

आता माझी चूक सांगतो. मी त्याच्याकडून एक घोडी विकत घेतली. तो विकायला तयार नव्हता, जुन्या मैत्रीखातर त्याने दिली. आणि मी काय केले? माझ्या मारवाडी घोड्याकडून ती भरवून घेतली. डोक्यात हिशेब असा, की आईचा चिवटपणा आणि बापाचा रुबाब. शिंगरू झाले ते देखणे. तीन वर्षांचा होईतो तो 57 इंचांचा झाला होता. येणारा-जाणारा थांबून पाहायचा. त्याच साली वर्गमित्राची एक घोडी साप चावून मेली. मी मोठ्या मनाने हा तरणा घोडा त्याला देऊन टाकला. त्याने घोड्याभोवती एक चक्कर मारली, पुढचा पाय उचलून खूर पाहिला आणि म्हणाला, ‘लई झ्याक हाय. पर गड्या, याला रोज तोबरा कोन बांधनार?’ मला ते बोलणे कृतघ्नपणाचे वाटले होते. आज लाज वाटते.

वाडा दसऱ्यानंतर कोकणाकडे निघाला. माघात मला निरोप आला. घोडा घाट उतरताना पुढच्या पायाने अधू झाला होता. इतर घोडी वाटेकडेचे वाळके गवत खाऊन भार वाहत होती, हा फासळ्या दिसेपर्यंत वाळला होता. त्याच्यावरचा भार बाकीच्यांवर वाटावा लागला, वाड्याचे मुक्काम लांबले आणि त्याच्या सुनेला धाकटे पोर कडेवर घेऊन चालावे लागले. मी टेम्पो घेऊन गेलो आणि घोडा परत आणला. वर्गमित्र एका शब्दाने बोलला नाही. चहा पाजला आणि म्हणाला, ‘त्याची चूक न्हाई. त्यो ह्या वाटंचा न्हवंच.’

परतताना टेम्पोत घोड्याजवळ बसून मला आलेगाव आठवत होते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी साहेबाने जे केले, तेच मी माझ्या तबेल्यात केले होते, तेही घोड्यांवरच्या प्रेमापोटी. आणि त्या घोडीची ऐन उमेदीतली दोन वर्षे त्यात गेली होती.

पुढच्या वर्षी मारवाडी घोडा मी एका हौशी माणसाला दिला. अधू घोडा मात्र ठेवला. तो अजून आहे, नातवंडांना पाठीवर घेतो. वर्गमित्राकडून आणखी दोन घोडी घेतल्या, पण या वेळी अट त्याने घातली. नर कोणता हे तो ठरवणार. तो कसे ठरवतो ते मी वही घेऊन शिकलो. उंचीला तो हात लावत नाही. आधी खूर पाहतो, मग घोड्याला चढावर चालवून उतारावर पाय कसा टाकतो ते पाहतो, मग त्याच्यासमोर अंगावरची घोंगडी झटकतो. बुजला तर नापास. शेवटी विचारतो, ‘याची आई कुनाच्या वाड्यावर व्हती?’ त्या आईने किती उन्हाळे कोकण केले, हे त्याला दहा-दहा वाड्यांचे तोंडपाठ आहे. जवळच्या नात्यातला नर तो कटाक्षाने टाळतो. त्यासाठी आम्ही एकदा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेपर्यंत जाऊन आलो. नांदेड जिल्ह्यातल्या त्या बाजारात दोन दिवस फिरलो आणि रिकाम्या हाताने परतलो, कारण त्याला एकही खूर पसंत पडला नाही. मी वैतागलो होतो. तो मात्र येळकोट करून, भंडारा लावून खुशीत होता.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. बारामतीकडच्या जाणकारांनी आणि अश्व संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी धनगरांच्या वाड्यांवर फिरून या घोड्यांची मापे घेतली, रक्ताचे नमुने तपासले आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, स्पिती, झांस्करी, भूतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या रांगेत आता आपले तट्टू आहे. ही बातमी मी त्याला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, ‘बरं झालं. आता घाटातल्या नाक्यावर तरी कुनी अडवनार न्हाई का?’ मला उत्तर देता आले नाही. चराऊ राने बंद होत आहेत, घाटरस्त्यांवर गाड्या वाढल्या आहेत, आणि त्याचा मुलगा आता बिऱ्हाड पिकअपमध्ये घालून नेतो. वाड्यावर सहाच्या जागी तीन घोडी उरली आहेत. नोंद झाली आहे खरी, पण ज्या वाटेने ही जात घडवली आणि राखली, ती वाट चालणारी घोडी दरसाल कमी होत आहेत. माझ्या तबेल्यात चार घोडी आणि एक नर आहे. आयते कडबा-हरभरा खाऊन ती गुबगुबीत होतात. दहा पिढ्या अशा तबेल्यात काढल्यावर त्यांचे खूर तसेच राहतील का, हा प्रश्न मला रात्री पडतो.

त्यावर आम्ही दोघांनी एक तोड काढली आहे. माझ्याकडे जन्मलेले शिंगरू दोन वर्षांचे झाले की ते त्याच्या वाड्यावर जाते आणि दोन हंगाम कोकण करून येते. जे नीट परत येते ते पैदाशीला ठेवायचे. पहिली घोडी गेल्या ज्येष्ठात परत आली. अंगावर एक ओरखडा, पोटाला थोडी खपाटी, आणि चारही खूर शाबूत. तिच्या पाठीवर त्याचा पणतू बसला होता. तो पाच वर्षांचा आहे आणि यंदा त्याला शाळेत घालायचे चालले आहे.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी ज्यांना सवड असेल त्यांनी शेतावर यावे. बाईंना आणायला मी गाडी पाठवणार आहे. त्यांच्यासाठी त्या घोडीला खरारा करून बांधावरच्या कडुनिंबाखाली उभी ठेवतो.